सोळावर थांबलेला आकडा

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत. पण शेळ्यांमधलं मला शिकवणारा पारनेर तालुक्यात अजून जन्मला नाही, असं मी तेव्हा म्हणायचो आणि आजही म्हणतो.

नात जनावरांच्या डॉक्टरकीला आहे. करडांना हगवण लागूच नये म्हणून आधीपासून द्यायचं एक औषध तपासून तिला प्रबंध लिहायचा होता. माझी आणि धाकट्या भावाची मिळून साठ करडं. तिने मधे जाळी मारून तीस-तीस केली. एकीकडे औषध, दुसरीकडे साधं पाणी. आजारी पडेल त्याला लगेच उपचार. पण पडायच्या आधी पाण्याकडच्यांना काही द्यायचं नाही, असं मला बजावलं.

दर सोमवारी गोठ्याच्या पत्र्यावर खडूने दोन रकान्यांत दोन्हीकडचा आकडा मी लिहायचो. त्या आठवड्याचा नाही, पहिल्या दिवसापासून आजवर किती पडली त्याचा. एक करडू एकदाच मोजायचं. असा आकडा वाढतो नाहीतर थांबतो, मागं येत नाही.

आठ आठवडे सरल्यावर एका दुपारी तिने लॅपटॉपवर तक्ता दाखवला.

"चार आठवड्यांत पाण्याकडं पंधरा पडली, औषधाकडं चार. पुढं पाण्याकडचा आकडा सोळावर थांबला, औषधाकडचा दहावर गेला."

"मग गुण किती आला?"

"आजारी पडणाऱ्या तिघांमागं एक वाचलं म्हणा. पण एका आकड्यावर भागत न्हाई, आबा. खरा गुण दोन टोकांच्या मधी कुठंबी असंल: एका टोकाला निम्म्याहून जास्त वाचली, दुसऱ्या टोकाला एकबी न्हाई, उलट जास्तच पडली."

"हे काय बोलणं झालं? गुण हाय का न्हाई, ते सांग."

"बाजारात बोकड उचलून तुमी वजन काय सांगता?"

"सोळा ते वीस किलो."

"तसंच हे. फक्त माझं एक टोक पार शून्याखाली गेलंय. औषध लागू पडलं असं मला लिहिता येणार न्हाई."

"पाणचट हाय तुझं औषध!" मी हसलो.

ती हसली नाही. "माझंच औषधाचं माप चुकलं असंल," म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

चौथ्या सोमवारपासून पाण्याकडच्या करडांना मीच डाळिंबाच्या सालीचा काढा पाजत होतो. जाळीपलीकडची उड्या मारायची आणि इकडे एकेक मान टाकायचं, मला बघवेना. खरं सांगायचं तर आपला काढा तिच्या बाटलीला भारी पडावा, हेही मनात होतं. पत्र्यावर मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. पण सोळाच्या पुढे सरकेना तो रकाना, आणि त्याचं खापर पोरगी स्वतःवर फोडत होती. तरी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. जन्मात शब्द मागे घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धारा काढायच्या आधी, तिला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं.

"किती पाजला? कुणाकुणाला?"

"सगळ्यांना. अर्धी अर्धी वाटी."

"आबा! निदान लिहून तरी ठेवायचं! आता तुमच्या काढ्याचा गुणबी कुणाला सांगता येणार न्हाई."

ती उठून आत गेली आणि लॅपटॉप घेऊन आली. मग तिने तक्त्यात गुणाच्या दोन ओळी केल्या: एक चौथ्या आठवड्यापर्यंतची, एक आठही आठवड्यांची. खाली काढ्याची टीप पाहिजे म्हणाली. ती मी सांगितली, तिने वहीत उतरवून घेतली, दोनदा वाचून दाखवली. त्याखाली मी सही केली. अंगठा नाही, सही.