जठारपेठेतली पळसाची पंगत

आधीच सांगून टाकतो, अकोल्याला मी लाकडाच्या भावासाठी गेलो नव्हतो. ओळखीच्या लोकांना ते खरं वाटत नाही, कारण वखारीचं काम असल्याशिवाय मी अमरावती सोडत नाही असा माझा लौकिक आहे. तो खराही आहे. पोरवयात सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, कापसाच्या गाठी वाहिल्या, मग मुकादम झालो, मग ठेकेदार, आता स्वतःची वखार आहे. शिक्षण चौथीपर्यंत, तेही वर्गाच्या दाराबाहेर बसून. पण बाहेर बसणाऱ्याचे कान तयार होतात. धंद्यात मला माझ्या अक्षरापेक्षा कानांनीच जास्त मिळवून दिलं.

या वेळी निघालो ते अनसूयेसाठी. अनसूया माझ्या बहिणीची मुलगी, माझ्याच घरी वाढलेली, नागपूरला शिक्षिकेचं ट्रेनिंग करून आलेली. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा निघाली होती. त्या शाळेच्या कमिटीत जठारपेठेतले बापूसाहेब वकील होते. ब्राह्मण, पण सुधारक. त्यांचा निरोप आला की वाचनालयात सभा ठेवली आहे, नागपूरचे एक प्रोफेसर 'माणूस माणसाला दाबतो कसा' याचं शास्त्र सांगणार आहेत, त्यांच्यामागून अनसूयेनं आपला अनुभव सांगावा. कमिटीची मंडळी समोर असतील, पोरीला बोलता येतं हे त्यांना दिसेल, पुढचं मी बघतो. आणि उतरायचं आमच्याच घरी.

महार माणसांनी जठारपेठेत वकिलाच्या घरी मुक्काम करायचा! माझी बायको म्हणाली, "जा बापा, पण पोरी, तिथं जास्त तोंड नको उघडू. जागा हातची जाईन."

"मामी, मले तं तोंड उघडालेच बोलावलं हाये," अनसूया म्हणाली.

निघालो. आपल्या समाजातल्या वाचकांपैकी कोणी या वाटेनं जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो. अमरावतीहून बडनेऱ्याला छोटी गाडी, तिथं बदलून भुसावळकडची पॅसेंजर. तिसऱ्या वर्गाचं तिकीट रुपयाच्या आतच पडतं. डब्यात जात कोणी विचारत नाही, फक्त "कुठचे? कोणाकडचे? आडनाव काय?" एवढंच विचारतात. मुर्तिजापूरला भजी झकास मिळतात. पैसे आधी द्यावे लागतात आणि भजी वरून पडतात, म्हणून हाताची ओंजळ मोठी धरावी. पाणी मात्र घरूनच न्यावं. दोन्हीकडे काळी माती, वेचणी सरत आलेली, आणि जिनाकडे चाललेल्या कापसाच्या गाड्यांची रांग. माझी नजर अजून त्या गाड्यांवरच जाते. कोणत्या गाडीत ओला कापूस दडवला आहे ते चाकाच्या कुरकुरण्यावरून सांगतो म्हटल्यावर समोरचा पाटील हसला, आणि त्यानं आडनाव विचारायचं सोडून दिलं.

बापूसाहेबांच्या घरी स्वागत उत्तम झालं, हे मोकळेपणानं लिहितो. मागच्या पडवीत पंगत मांडलेली. बापूसाहेब, त्यांची दोन्ही मुलं, आदल्या दिवशी आलेले प्रोफेसर, मी आणि अनसूया, सगळे एकाच रांगेत. पळसाच्या हिरव्यागार पत्रावळ्या, शेजारी द्रोण. पुरणाची पोळी, वरून तुपाची धार, कढी, अंबाडीची भाजी. वकिलीणबाईंना सगळे काकू म्हणतात. त्या स्वतः वाढत होत्या, आणि वाढताना हात आखडत नव्हत्या. "घ्या हो ठेकेदार, लाजता काय? गाठी उचलणाऱ्यानं दोन पोळ्यांवर थांबावं का?"

मी पाचवर थांबलो. मनात म्हटलं, लग्नाकार्याच्या पत्रावळ्या काढल्या आपल्यासाठी! काय हा मान! संध्याकाळी पिठलं-भाकर, तीही पत्रावळीवरच. सकाळी पोहे द्रोणात. त्या घराची तशी रीत असेल, एवढंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसूया आणि मी मागच्या अंगणात तोंड धूत होतो. भांडी घासणारी पार्वता कढई घासत बसली होती. बाई गप्पिष्ट. आम्ही कोण ते तिला ठाऊक होतं, म्हणून बोलताना एक डोळा पदराकडे ठेवून होती, कुठं शिवतो का ते पाहत. पण बोलायचं काही सोडत नव्हती.

"तुमी आल्यापासून माह्या हाताले मोठा आराम झाला बाई," ती अनसूयेला म्हणाली. "ताटं घासाचं कामच नाही."

"काहून?"

"आता काहून म्हनते! म्या काकूले सांगून देल्लं होतं, तुमच्या पाव्हन्यायची उष्टी ताटं मी नाही घासनार. मंग काकू म्हनल्या, ते जाईपर्यंत घरातले सारेच पत्रावळीवर जेवतीन. ना तुले तरास, ना त्यायले वाईट वाटनार." आणि हसून पुढं म्हणाली, "हुशार हाय काकू!"

मी स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहिलं. फळीवर पितळेची ताटं चिंच लावून उजळलेली, एकावर एक रचलेली. आम्ही आल्यापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता.

खरं सांगतो, मला राग आला नाही. धंदेवाला माणूस आहे, काकूंच्या अकलेला मनातल्या मनात दाद दिली. एकाही माणसाला न दुखवता, पुरणपोळी खाऊ घालून, काम साधलं. अनसूया मात्र तोंडातलं पाणी टाकायचं विसरून तशीच उभी.

मी तिला बाजूला घेतलं. "हे पाय, आपून जागेसाठी आलो. पत्रावळ का अन् ताट का, पोट भरलं ना? गप राय."

"मी काही म्हटलं का मामा?" ती म्हणाली. ती असं म्हणाली की मला भीती वाटते.

त्या दिवशी प्रोफेसरांना पातूरची लेणी पाहायची होती, म्हणून आम्ही तिघं मोटारीनं गेलो. अकोल्याहून पातूर वीसेक मैल, माणशी सहा आणे. रस्ता बरा आहे, पण मोटार भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाई असेल तर बैलगाडीच बरी. ड्रायव्हर बाळापूरचा मियाँ. एका उतारूनं आमच्याकडे पाहून कुरकुर सुरू केली तसा तो ओरडला, "बैठो जी बैठो! मेरी गाडी में सब की एकच जात, सवारी! नहीं जमता तो छत पे बैठो, वहाँ हवा भी अच्छी है!" उतारू बसला.

लेणी गावाबाहेर टेकडीत आहेत. नक्षी शोधायला जाल तर निराश व्हाल. मोठी मोकळी दालनं, जाडजूड खांब, काही अर्धेच कोरून सोडलेले. पण आत गारवा छान. तिथं बसून आम्ही काकूंनी दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. त्या जागी जात विचारायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून जेवण निवांत झालं.

प्रोफेसर किडकिडीत, सोज्वळ माणूस. सभेत काय सांगणार ते मी विचारलं. ते एका अर्धवट खांबाला टेकून म्हणाले, "माझं म्हणणं साधं आहे ठेकेदार. दाबून ठेवायला पहिल्यांदा काठी लागते. काही पिढ्यांनी काठीची गरज उरत नाही, तिची रीत होते. रीत आणखी मुरली की तिचा शिष्टाचार होतो. मग दाबणाऱ्याला वाटतं, मी तर किती चांगला वागतो. आणि दबणाऱ्यालाही वाटतं, हे किती चांगले वागतात. या तिसऱ्या पायरीवरचा जुलूम सगळ्यांत टिकाऊ."

मी चटणी चाटता चाटता थांबलो. हा माणूस कालपासून आमच्याच पंगतीत जेवत होता.

अनसूयेनं विचारलं, "सर, तिसऱ्या पायरीवरचं कोणाला दिसलं, तर त्यानं ते सांगावं का?"

"सांगितल्याशिवाय ती पायरी हलत नाही."

"आणि सांगणाऱ्याचं काय होतं?"

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. "किंमत त्यालाच मोजावी लागते. म्हणून मी शास्त्र सांगतो, पण सांगा असा आग्रह कोणाला करत नाही. माझी नोकरी पक्की आहे, दुसऱ्याची नसते."

परतीच्या मोटारीत अनसूया खिडकीबाहेर पाहत होती. मी दोनदा खोकलो, तिनं मान वळवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सभा. वाचनालयाचा दिवाणखाना भरलेला, बायका एका बाजूला बांबूच्या चिकाच्या पडद्याआड, काकूही तिथंच. पुढच्या खुर्च्यांवर शाळेच्या कमिटीची मंडळी. प्रोफेसरांनी तीन पायऱ्या समजावल्या, टाळ्या पडल्या. मग अनसूया उभी राहिली.

तिनं आधी ठरलेलंच सांगितलं. शाळेच्या ओसरीत बसवायचे, मास्तर पाटी लांबून फेकायचा, फुटली तर तिलाच मार. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उपरण्यानं डोळे टिपले. मी मनात म्हटलं, झालं, जागा आली पदरात, आता बस खाली.

ती बसली नाही.

"ही गोष्ट ऐकून तुम्हाला त्या मास्तरांचा राग आला," ती म्हणाली. "पण ते मास्तर इथं नाहीत, म्हणून राग येणं सोपं आहे. सरांनी तिसरी पायरी सांगितली. तिचा दाखला मी शाळेतला देऊ शकत नाही. तो मला कालच सापडला, जिथं मला मुलीसारखं वागवलं त्या घरात." आणि तिनं पत्रावळ्यांची हकिगत सांगितली. नाव घेतलं नाही, आवाज चढवला नाही, पुरणपोळीची तारीफही केली. पण अकोला ते, कोण कोणाकडे उतरलं आहे हे सगळ्यांना ठाऊक.

बापूसाहेब अध्यक्षांच्या खुर्चीत होते. त्यांची मान हळूहळू खाली गेली. प्रोफेसरांनी चष्मा काढून हातात धरला. आम्ही येण्याआधी आपण कशात जेवलो ते त्या माणसाला आता आठवत होतं.

तेवढ्यात पडद्याआडून काकूंचा आवाज आला, खणखणीत. "अगं, पण ताटं घासली कोणी असती, तेही सांग ना पोरी!"

लोक हसले. मलाही हसू आलं, कारण प्रश्न बरोबर होता. पार्वता गेली असती तर घासायला बापूसाहेब थोडेच बसणार होते!

अनसूया पडद्याकडे वळली. "मी घासली असती काकू. पण घासून झाल्यावर मी ती तुमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर नेऊन ठेवली असती, तर चाललं असतं का?"

हसणं थांबलं. पडदा जरा हलला. काकू म्हणाल्या, "ते मला माहीत नाही."

सभा तिथंच संपली. आभाराचं भाषण करणाऱ्या गृहस्थांनी काय सांगितलं ते कोणालाच ऐकू आलं नाही.

संध्याकाळी पंगतीला बसताना माझे डोळे पडवीच्या दारावर. आज काय येतं? आल्या त्या पत्रावळ्याच. काकूंनी वाढायला घेतलं आणि सरळ म्हणाल्या, "आज ताटं मांडली असती, तर ते सभेतल्या लोकांसाठी झालं असतं. माझं मन अजून तिथवर गेलेलं नाही. ते नसताना ताट वाढणं मला जमणार नाही. राग धरायचा तर धर."

"नाही धरत," अनसूया म्हणाली. "कढी वाढा." आणि पोटभर जेवली. मीच दुसरी भाकर घेतली नाही.

स्टेशनवर बापूसाहेब पोहोचवायला आले. अनसूया बाकावर बसली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ठेकेदार, तिनं हे मला घरात हळूच सांगितलं असतं तर?"

मी म्हटलं, "तं तुमी हळूच दुरुस्त केलं असतं साहेब. नाहीतर हळूच इसरून गेले असते."

ते हसले, पण दुखऱ्या दातानं हसावं तसे. "वकील तुम्हीच व्हायला हवं होतं. आता ऐका. सभेआधी कमिटीत दोघं तिच्या बाजूनं नव्हते. आता जागा नाकारली तर सारं गाव म्हणेल, पत्रावळीचा राग काढला. पोरीनं आम्हाला चांगलंच अडकवलंय."

गाडीत बसल्यावर मी अनसूयेला विचारलं, "तुले हे मालूम होतं? म्हनून बोलली?"

तिचे डोळे भरून आले. "नाही हो मामा. मले तं वाटून रायलं होतं, जागा गेली." बोरगाव मागे पडेपर्यंत ती रडत होती. मी भजीसाठी मुर्तिजापूरला उतरलोही नाही.

जागा मिळाली. जठारपेठेत खोली मात्र कोणी दिली नाही. दोन घरी भाडं ठरलं, आणि आडनाव कळल्यावर मोडलं. ती जिनाजवळच्या आपल्या वस्तीत राहते आणि रोज सकाळी चालत शाळेत जाते. पार्वता बापूसाहेबांकडे कामाला आहेच, आणि तिथं रोज ताटं घासली जातात.

मी शिकलो काय, ते वखारीत बसून अजून तोलून पाहतो. वाईट वागणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे मला जन्मभर ठाऊक होतं. चांगलं वागणाऱ्याशी खरं बोलणं किती अवघड असतं, ते मला अकोल्यात कळलं. तुमच्यापैकी कोणी तिकडं गेलं तर लेणी पाहाच, पण वाचनालयात असली सभा असेल तर ती चुकवू नका.

होळीच्या सुट्टीत अनसूया घरी आली. मी विचारलं, "काकू भेटते का वं?"

"भेटते ना. आठवड्यातून एखाद्या वक्ती शाळेच्या ओट्यावर येऊन बसते. पोरींच्या कविता ऐकते. मागच्या खेपी म्हणाली, 'तू विचारलेलं ते डोक्यातून जात नाही गं. अजून उत्तर सापडलं नाही.'"

"मग तू काय म्हणाली?"

अनसूया मामीच्या हातची भाकर मोडता मोडता म्हणाली, "म्या म्हनलं, सावकाश शोधा काकू. मी कुठं जाते? माह्यी नोकरी पक्की हाये."