एम.ए.च्या दारातून परत

नाशिक-पेठ एसटीवर ते कंडक्टर होते आणि मी पेठच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे रोजची गाठ. तिकिटं फाडून झाली की माझ्या पुढच्या सीटवर तिरके बसत आणि विचारत, "मॅडम, आज काय शिकवणार पोरांना?" कविता असली तर घाट संपेपर्यंत तिच्यावरच बोलत. सुट्ट्या पैशांवरून भांडणारा असो की दारात लटकणारा, प्रत्येकासाठी त्यांच्याकडे हसतं उत्तर असे.

बी.ए. त्यांनी बाहेरून केलं होतं. एका जूनमध्ये त्यांनी मराठीच्या एम.ए.साठी अर्ज केला. मुलाखतीला त्यांच्या आग्रहावरून मीही कॉलेजात गेले. ते आत गेले आणि लगेच बाहेर आले, सर्टिफिकेटं हातात घेऊन.

"काय झालं?"

"सरांनी इचारलं, या वयात एम.ए. करून काय करणार? म्हटलं, काय नाय सर. आन् कागद उचलले."

"अहो, पण का?"

"मला नुसतं शिकायचं व्हतं, मॅडम. ते सांगायची लय लाज वाटली."

"चला, मी सांगते त्यांना."

ते जिना उतरू लागले होते. पुन्हा त्यांनी कधीच अर्ज केला नाही.

"नको," खालूनच म्हणाले, "बाराची गाडी हाय माझी."