पक्क्या भिंतीवरचं नाव

धनेंद्र रहांगडाले यांच्या काही सवयी.

नकाशा हातात आला की तो आधी फिरवून जमिनीच्या दिशेला लावायचे. मग अक्षरं उलटी झाली तरी चालायची.

गिऱ्हाइकाला कधी ‘सर’ म्हणायचे नाहीत. आधी गाव विचारायचे, मग आडनाव, मग काम.

जागा पावलांनी मोजायचे. मोजताना आवाज नाही, फक्त ओठ हलायचे.

खिशात तीन पेनं ठेवायचे. दोन दुसऱ्यांसाठी.

चहाचा शेवटचा घोट सोडायचे. का, ते विचारलं तर म्हणायचे, “तेथं साखर बसून राहते.”

रागावले की बोलणं कमी व्हायचं. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. म्हणून २०१० च्या नोव्हेंबरात जे झालं ते मला अजून पुरतं कळलेलं नाही.

ते दवनीवाड्याचे. घरी धानाची शेती, भाऊ करायचे. १९९९ मध्ये ते एका बियाणे कंपनीत लागले. सात वर्षं मोटारसायकलवर गावोगाव फिरले. कोणत्या बांधीत, म्हणजे खाचरात, कोणतं धान येईल ते शेतकऱ्याला सांगायचे, आणि येणार नसेल तर तेही सांगायचे. त्यामुळे बियाणं कमी खपायचं, पण माणसं ओळखायची. पुढे कंपनीने गोंदियाची शाखा बंद केली. एक वर्ष ते घरी बसले. मग नंदलाल सेठांनी बोलावलं.

सेठांची ‘वैनतीर डेव्हलपर्स’ नवी होती. शेतजमीन घ्यायची, प्लॉट पाडायचे, विकायचे. सेठांना जमिनीतलं कळायचं नाही. विकण्यातलं कळायचं. त्यांनी धनेंद्रभाऊंना सांगितलं, “लड़के रख लिए हैं. इनको आदमी बना दो.”

अकरा मुलं-मुली होती. भाऊंचं प्रशिक्षण ऑफिसात व्हायचं नाही. पावसाळ्यात सोमवारी सकाळी ते सगळ्यांना लेआउटवर न्यायचे आणि चपला काढायला लावायचे.

“पाणी कोठून येते, कोठं जाते, आधी ते पाहा. गिऱ्हाइकाले पहिल्यांदा आणायचं तर ऑगस्टात आणा.”

“सर, ऑगस्टात चिखल राहते,” रिंकी म्हणाली. ती सगळ्यांत हुशार होती. कुणाचीही नक्कल करायची.

“म्हणूनच. मार्चमध्ये सारीच जमीन चांगली दिसते.”

पहिला लेआउट मुरमाड, उंचावरचा होता. त्यातले सहा प्लॉट खोलगट होते. भाऊंनी मुलांना शिकवलं, हे सहा घेऊ नका असं आपणच सांगायचं. लोक ऐकायचे आणि सातवा घ्यायचे. वर्षभरात सगळा लेआउट गेला. ते सहाही गेले, पण मुरमाचं भरण टाकल्यावर.

मी २००८ मध्ये तिथे लागलो. मराठीत एम.ए. झालो होतो आणि काम नव्हतं. मला पत्रकं लिहायला ठेवलं. माझं टेबल भाऊंच्या शेजारी. ते मला ‘लेखक’ म्हणायचे. चिडवायला नाही, खरंच.

त्या वर्षी सेठांनी ठरवलं की कंपनीचं नाव गावागावांत भिंतीवर दिसलं पाहिजे. मी चार ओळी लिहून दिल्या. सेठांनी त्या पाच गावांत वाचून दाखवायला माणूस पाठवला. तो परत येऊन म्हणाला, लोक विचारतात, कंपनी जाऊ द्या, तिथं माणूस कोण आहे?

मीच म्हणालो, मग धनेंद्रभाऊंचं नाव टाकू. त्यांना सगळे ओळखतात.

सेठ खूश झाले. भाऊंनी त्या चार ओळी वाचल्या. मग म्हणाले, “नाव टाकता तर नंबरही टाका. नाव पाहून माणूस शोधेल कोठं?”

अशी ती जाहिरात ठरली. वर कंपनी. खाली मोठ्या अक्षरांत ‘धनेंद्र रहांगडाले, दवनीवाडा’ आणि मोबाईल नंबर.

सप्टेंबरात रंगवायचं ठरलं. भाऊ म्हणाले, दिवाळी होऊ द्या. सेठ म्हणाले, ब्रँडिंग दिवाळीच्या आधीच होते. सुकराम पेंटरने महिनाभरात साठ भिंती रंगवल्या. मग दिवाळी जवळ आली, आणि गावोगावच्या बाया दरवर्षीसारख्या पांढऱ्या छुई मातीने घरांच्या भिंती पोतायला बसल्या. आठ दिवसांत कंपनीही गेली आणि भाऊंचं नावही गेलं. एका भिंतीवर फक्त ‘डेव्हलपर्स’ राहिलं, कारण त्यापुढे लाकडं रचली होती.

सुकराम ऑफिसात येऊन हसत बसला. सेठ मात्र भाऊंवर चिडले. “तुमको पता था तो ज़ोर से क्यों नहीं बोला?”

तेव्हा भाऊंनी नीट लिहून दिलं. मातीची भिंत घेऊ नये. सिमेंटची घ्यावी, रस्त्याच्या कडेची. पुलाचा कठडा चालेल. चुन्याचा रंग नको, ऑइल पेंट लावावा, दोन हात. काम दिवाळीनंतर.

सुकरामने चौऱ्याऐंशी भिंती रंगवल्या. एकही गेली नाही.

दुसरा लेआउट २००९ चा. ही सरळ धानाची बांधी होती. चारही बाजूंनी जमीन उंच आणि मध्ये हे. भाऊंनी पाहिलं आणि सेठांना सांगितलं, चार फूट मुरूम टाकल्याशिवाय एकही प्लॉट विकता येणार नाही. सेठ म्हणाले, पावसाआधी टाकू. मार्चमध्ये मंडप घातला, सरबत ठेवलं, लोक आले. जमीन कोरडी होती. प्लॉट गेले. मुरमाच्या बारा गाड्या आल्या. त्या फाटकाजवळ टाकल्या.

जूनमध्ये आदेश निघाला की दर पावसाळ्यात ऑक्टोबरपर्यंत कुणालाही साइटवर न्यायचं नाही.

भाऊ सेठांच्या केबिनमध्ये गेले. मी बाहेर होतो. आवाज फक्त सेठांचा येत होता. बाहेर आले तेव्हा त्यांची बढती झाली होती. ट्रेनिंग मॅनेजर. खुर्ची चाकांची. फिरतीचं काम बंद.

“नको म्हणायचं होतं,” मी म्हणालो.

“म्हणालो. ते म्हणाले, डिसेंबरात भरण करतो, तेवढा धीर धर. मी गेलो तर भरणासाठी यांच्या मागं कोण लागेल?”

डिसेंबर गेला. ते दर सोमवारी भरणाचा विषय काढायचे. सेठ दर सोमवारी हो म्हणायचे. नागपूरहून छापील प्रशिक्षण-पुस्तिका आली. तिच्यात पहिल्याच पानावर होतं की ग्राहकाला ‘नाही’ म्हणू नये. भाऊंनी ती मुलांना वाटली. स्वतःची प्रत उलटी करून तिच्यावर जेवणाचा डबा ठेवला.

२०१० च्या ऑगस्टात जमुनाबाई टेंभरे आल्या. तिरोडा रस्त्यावरच्या एका गावात अंगणवाडी सेविका. मुलीला गोंदियात शिकवायचं, म्हणून पुढेमागे दोन खोल्या बांधायला प्लॉट घेतला होता. काउंटरवरच्या मुलाने त्यांना ‘साइट बंद आहे’ म्हणून सांगितलं. त्या बसून राहिल्या. दुपारी भाऊ जेवायला बाहेर निघाले.

“तुमी धनेंद्रभाऊ ना जी?”

“हो बाई. गाव कोणतं?”

त्यांनी गाव सांगितलं. आडनाव सांगितलं. भाऊंनी डबा मला दिला, बाईंना मोटारसायकलवर बसवलं. मी सायकलने मागून गेलो.

लेआउट नव्हता. तलाव होता. सीमेचे दगड पाण्याखाली. विजेचे दोन खांब तेवढे उभे.

“माहा कोनता?” बाईंनी विचारलं.

भाऊंनी बूट काढले. खांबापासून पावलं टाकत पाण्यात गेले. ओठ हलत होते. एका ठिकाणी थांबले. पाणी गुडघ्याच्या वर होतं.

“इथून बाई. इथून त्या खांबाच्या रेषेत.”

“थांबा जी तेथंच. मले दिसू द्या.”

ते उभे राहिले. बाई काठच्या धुऱ्यावर, बांधावर, छत्री धरून बघत होत्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, “मी तुमच्या कंपनीले कोठं ओळखतो? माह्या घराच्या भिंतीवर तुमचा नाव आहे. रोज झाडू मारताना दिसते. मनलं, आपल्याच मानसाचा आहे.”

भाऊ पाण्यातच होते. परत येताना त्यांनी बाईंना नंबर लिहून द्यायला पेन काढलं. बाई म्हणाल्या, “कायले लिहिता? भिंतीवर आहे ना.”

नोव्हेंबरात नवं प्रशिक्षण झालं. विषय, नाराज ग्राहक. सेठ स्वतः येऊन बसले. कागदावर प्रसंग दिलेला होता. एक ग्रामीण महिला पावसाळ्यात प्लॉट पाहायला येते. एकाने ग्राहक व्हायचं, एकाने कर्मचारी. धनेंद्रभाऊंनी दहापैकी गुण द्यायचे.

रिंकी ग्राहक झाली. तिने ओढणी डोक्यावर घेतली. छत्री म्हणून फुटपट्टी धरली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “थांबा जी तेथंच! मले दिसू द्या जी!”

सगळे हसले. आवाज हुबेहूब होता. पाण्यातलं सगळं मीच त्या दिवशी काउंटरवरच्या मुलाला सांगितलं होतं; त्याने कुणाला तरी सांगितलं असेल, त्याने सेठांना. सेठ टेबलावर थाप मारून हसले. समोरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, पाणी म्हणजे लक्ष्मी. तुमच्या प्लॉटमध्ये ती आधीच आली.” पुन्हा हसणं. मीही हसलो. ते इथे लिहिलं पाहिजे.

रिंकी गुणांसाठी भाऊंकडे बघू लागली. चेहरा आशेचा. वाईट मुलगी नव्हती ती. तिला दहापैकी दहा हवे होते.

भाऊंनी पेनाला टोपण लावलं. “बाईचं गाव कोणतं?”

“केसमध्ये गाव नाही सर.”

“आहे.”

“नाही सर, दिलंच नाही.”

“आहे गाव!”

हा आवाज आम्हाला नवीन होता. पंख्याखालचे कागद उडाले तरी कुणी उचलले नाहीत. त्यांनी गुणांचा कागद कोरा ठेवला आणि सेठांसमोर गेले.

“भिंतीवरून माझं नाव काढा.”

“बैठो धनेंद्र.”

“नाव काढा.”

सेठ अजून हसतच होते. “नाम तुम्हारा है भाई, पेंट तो मेरा है. दीवार भी मैंने ली है.”

भाऊ चाकांच्या खुर्चीपर्यंत परत गेले, डबा उचलला आणि गेले. राजीनामा दुसऱ्या दिवशी पोस्टाने आला.

तिसऱ्या दिवशी ते सुकरामच्या घरी भिंतींची यादी मागायला गेले. सुकराम म्हणाला, “तुमीच तं मनले होते, दोन हात मारजो, पक्का लावजो. आता घासा.” पण यादी दिली, आणि पांढऱ्या रंगाचा डबाही.

रविवारी मी सोबत जायचो. ऑइल पेंट घासून निघत नाही. वरून रंगवावं लागतं, आणि रंगाच्या एका हातात काळी अक्षरं झाकली जात नाहीत. एक भिंत, एक सकाळ. लोक जमायचे. “काऊन पुसून राहिले भाऊ? भांडन झाला का?” एका गावात म्हाताऱ्याने पुसूच दिलं नाही. पोस्टमनला घराची खूण तीच होती. भाऊंनी त्याला विचारून त्याचंच नाव तिथे रंगवलं, चांगल्या अक्षरांत. त्यात दुपार गेली. जमुनाबाईंची भिंत त्यांनी पहिल्या आठवड्यातच केली. बाईंनी चहा दिला, आणि नंबर या वेळी कागदावर लिहून घेतला. भरणाचं विचारलं. भाऊंनी चहाचा शेवटचा घोट सोडला आणि दुसरा हात मारायला घेतला.

मी म्हणालो, सिमकार्ड बदला. भिंती राहू द्या.

“मग जमुनाबाईनं फोन कोणाले लावायचा?”

मी पुन्हा तो विषय काढला नाही. मी तेव्हाही कंपनीतच होतो. पत्रकं लिहीत होतो.

२०११ च्या मेमध्ये आम्ही बोदलकशाच्या रस्त्यावर एका पुलाचा कठडा घेतला. त्रेचाळीस भिंती झाल्या होत्या. ही चव्वेचाळिसावी. नाव गेलं. गावाचं नाव गेलं. नंबराचे पहिले पाच आकडे गेले. तेवढ्यात फोन वाजला. हात रंगाचे होते म्हणून त्यांनी मला स्पीकर लावायला सांगितलं.

“धनेंद्रभाऊ का जी? मी दुलीचंद, अर्जुनी मोरगावहून. भिंतीवर नंबर पाह्यलो. एक प्लॉट पाहिजे होता.”

“घेऊ नका.”

“का जी, फुल झाले?”

“फुल नाही झाले. पाणी भरते तेथं.”

“पानी तं आमच्या इथंही भरते. एक ठेवा ना माह्यासाठी.”

“दुलीचंदभाऊ, मी कंपनी सोडली.”

“मंग तं आनखी बरा झाला! तुमी मोकळे आहा. चांगला पाहून द्या.”

“अहो, तेथं चांगला नाहीच. मी सांगून राहिलो ना, घेऊ नका.”

पलीकडे तो कुणाला तरी म्हणाला, ऐकू येईल इतक्या मोठ्याने, “पाह्य, मानूस खरा आहे. नाई म्हनते.” मग आम्हाला म्हणाला, “उद्या येतो गोंदियाले. ऑफिसात बयाना देऊन टाकतो.”

“येऊ नका. मी येतो. आताच निघतो. घरीच राहा.”

भाऊंनी ब्रश माझ्याकडे दिला. मी म्हणालो, राहिलेलं मी करतो. ते म्हणाले, नको, माझं नाव आहे, परत आल्यावर करू. रंगाच्या हातांनीच त्यांनी किक मारली. बोदलकशाहून अर्जुनी मोरगाव ऐंशी-नव्वद किलोमीटर असेल. मेचं ऊन.

दुलीचंदने त्यांना पाणी दिलं, जेवू घातलं, सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो आमच्या ऑफिसात आला. मी टेबलावर होतो. रिंकीने त्याचा फॉर्म भरला. तिने विचारलं, “कोणाच्या ओळखीनं आले?” तो म्हणाला, “धनेंद्रभाऊच्या. ते नाई मनत होते, पन त्याइचा सेठसंग वाद आहे, मनून मनत असतीन.”

मी उठून त्याला थांबवायला हवं होतं. मी उठलो. तोवर सही झाली होती.

संध्याकाळी मी भाऊंना जाऊन सांगितलं. ते अंगणात बसले होते. त्यांनी यादी खिशातून काढली, पाहिली, घडी घालून परत ठेवली.

आता ते दवनीवाड्याला बियाण्याच्या दुकानात बसतात. फोन येतात, ते घेतात. रंगाचा डबा माझ्याकडे आहे. रंगावर साय धरली आहे. मी दोनदा विचारलं, रविवारी जायचं का. दोन्ही वेळा म्हणाले, पाहू.

चाळीस भिंती बाकी आहेत, आणि तो पूल. कठड्यावर पांढऱ्या पट्ट्यानंतर शेवटचे पाच आकडे आहेत. अजून स्वच्छ वाचता येतात.