काट्याचा पुरावा

"मेलो, मेलो रे! जाळा ते मोहोळ! आत्ताच्या आत्ता जाळा!"

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुप्ते दोन्ही हात पाठीमागे पँटवर दाबून कंपाउंडला प्रदक्षिणा घालत होते. बटाट्याच्या पोत्यासारखा माणूस, पण त्या सकाळी त्यांनी धरलेला वेग पाहून बोरिवलीच्या डोंगरातल्या बिबट्यानेही वाट दिली असती. गावाहून परतलेले गृहस्थ स्कूटरवर बसले काय आणि उठले काय! सगळ्यांनी वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर, शालूताई परबांच्या गॅलरीखाली, सुपाएवढं आग्यामोहोळ लटकत होतं. झालं, गुन्हेगार सापडला.

शालूताई जिना उतरल्या त्या हातात इस्पिकची राणी घेऊन. कोणाला काही चावलं की त्या आधी पत्त्यांच्या कॅटला हात घालायच्या. "चिमटीत धरू नका कोणी," त्या म्हणाल्या. "काट्याला विषाची पिशवी असते, पिळली की सगळं आत. पत्त्याने खरवडायचं. दाखवा गुप्ते, कुठे?"

गुप्त्यांनी हात जिथे होते तिथून हलवले नाहीत.

शालूताई अंधेरीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. आवाज असा की लाइन बंद असली तरी पलीकडच्याला ऐकू जायचं. मूळच्या मालवणच्या, चाळिशीच्या, भाड्याच्या जागेत एकट्या राहणाऱ्या. आणि आमच्या सोसायटीत एकट्या बाईकडे एक खातं कायमचं असतं, खापराचं. टाकी वाहिली, शालूताईंचा नळ उघडा. जिन्यात कचरा, शालूताईंचा. तळमजल्यावरचा पोरगा नापास झाला तेव्हा दोष त्यांच्या रेडिओला मिळाला. त्यांच्याकडे रेडिओच नव्हता.

माश्यांचं शास्त्र त्या माहेरच्या बागेत स्वतःच्या अंगावर शिकल्या होत्या. "मधमाशी एकदाच डसते नि मरते," त्या मला समजावायच्या. "तिच्या काट्याला आकडे असतात. तो रुतला की तिची आतडी ओढून घेतो. म्हणून ती विचार करून डसते. गांधीलमाशीचा काटा गुळगुळीत. डसली, काढला, परत डसली. जिचं काही जात नाही, तिला अक्कल कशाला लागते रे?" कमरेला पिवळा पट्टा असलेली मोठी गांधील म्हणजे तिची थोरली बहीण. ती डसल्यावर शालूताईंचे काका म्हणे माडावरून जिना उतरावा तसे चालत खाली आले. यातली निम्मी हकिगत माझी आहे, निम्मी काकांची. शालूताईंचा जीव मात्र कुंभारीण माशीवर, ती मातीचं घर बांधते ना, तिच्यावर. "एकटी राहते, स्वतःचं घर स्वतः लिंपते, कोणाच्या वाटेला जात नाही. तरी लोक झाडू घेऊन येतातच."

संध्याकाळी कंपाउंडमध्ये सभा भरली. बांबूला फडकी गुंडाळून मशाल तयार होती, रॉकेलचा वास सुटला होता. गुप्ते उभ्यानेच बोलले. बसण्याचा प्रश्नच नव्हता. "परबबाई, मशाल तुमच्या गॅलरीतून लावावी लागेल. दार उघडा. नाहीतर मालकाला सांगून जागा खाली करायला लावतो."

"लावा," शालूताई म्हणाल्या. "पण आधी काटा दाखवा. आग्या डसली असेल तर काटा आतच असणार. एक जरी निघाला तरी मशाल मी लावते आणि जागाही सोडते. नाही निघाला, तर माझ्या दाराला हात लावायचा नाही."

"भर सभेत दाखवू? बाई, काही लाजबिज?"

"माका नको दाखवू मेल्या. बायलेक दाखव."

गुप्तेवहिनी सभेत कधी खोकल्यासुद्धा नव्हत्या. त्या उठल्या, नवऱ्याची बाही धरली आणि त्याला घरात घेऊन गेल्या. तेवढ्या वेळात माझी दाढी वाढली, शपथ. शालूताई जिन्याच्या पहिल्या पायरीवर वाट अडवून उभ्या होत्या. चेहरा दगडाचा, पण कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती.

वहिनी बाहेर आल्या. "चार-पाच ठिकाणी सुजलंय. काटा एकही नाही."

"अगं, तू कोणाच्या बाजूची?" मागून गुप्ते.

"बघितलं ते सांगितलं."

मग कोणीतरी लांबूनच काठीने स्कूटरची सीट उचलली. खाली करड्या कागदाचं घरटं, आणि त्यावर गांधीलमाश्या पंख ताठ करून बसलेल्या, थेट आमची मॅनेजिंग कमिटी.

"ठीक आहे, या वेळी सोडतो," गुप्ते म्हणाले.

"सोडता कोणाला? चूक झाली म्हणा."

गुप्ते रुमालात काहीतरी पुटपुटले.

"आवाज येत नाही," ऑपरेटरीण म्हणाली. "पुन्हा बोला."

तिसऱ्यांदा बोलले ते दहिसरलाही ऐकू गेलं असेल. पुढे शालूताई वारल्या, पण आमच्याकडे कोणावर आळ आला की आजही एखादा म्हातारा विचारतोच, "काटा बघितलास का?"

त्या वर्षी मेच्या शेवटी एका सकाळी आग्या माश्या उठून गेल्या. गॅलरीखाली अर्ध्या भाकरीसारखं रिकामं पोळं उरलं. शालूताई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. मी खालून म्हटलं, "एवढं भांडलात त्यांच्यासाठी, आणि न सांगता गेल्या की."

त्यांनी परकराला चिमटा लावला.

"मी माश्यांसाठी कुठे भांडत होते."