चालण्याचे साधन, एक नग

"मॅडम, आहिरे आलाय, पन संगं कुत्रं हाय. सोडू का नको?" गेटवरून वॉचमन शिंदेकाकांचा फोन. सकाळची शिफ्ट लागत होती आणि माझा चहा अजून कपातच होता.

"आहिरेला सोडा. कुत्र्याला नको."

"तो म्हनतो, दोघं, नायतर कुनीच नाय."

सातपूरच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल ऑफिसर होते. म्हणजे भरती, हजेरी, रजा आणि भांडणं. 'आवारात जनावरांना सक्त मनाई' ही गेटवरची पाटीही माझीच. एका भटक्या कुत्र्याने वेल्डरचा डबा पळवला, तेव्हा तावातावाने लावलेली.

सुनील आहिरे आमचा टेलिफोन ऑपरेटर. दृष्टी अजिबात नाही, पण सगळे एक्स्टेन्शन नंबर तोंडपाठ. भाऊ त्याला स्कूटरवर सोडायचा. भावाची बदली एकलहऱ्याला झाली आणि पंचाईत झाली. बस स्टॉप ते गेट या रस्त्यावर उभे ट्रक आणि उघडं गटार. दोनदा गुडघे फुटल्यावर त्याने शेजारच्या हवालदारांना गाठलं. ते पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. त्यांनी वर्षभर खपून तांबी नावाची गावठी कुत्री त्याच्यासाठी तयार केली. तिला आत घेतलं नाही, तर त्याला नोकरी सोडावी लागणार होती.

"उद्या कोणी म्हैस आणेल," आमचे फॅक्टरी मॅनेजर देवधरसाहेब म्हणाले. आहिरे घरी परतला. मी त्याची रजा मांडली.

अपंगांसाठीचा पंच्याण्णवचा कायदा तेव्हा नवा होता. मी कंपनीच्या वकिलांना फोन लावला.

"त्यात कुत्रा कुठेच नाही," ते म्हणाले. "नोकरीची कलमंही सरकारी आस्थापनांसाठी. अपंगांना साधनं-उपकरणं मिळावीत असं आहे, पण ते सरकारने बघायचं."

'साधनं' हा शब्द मात्र माझ्या डोक्यात बसला. आमच्याकडे रिटर्नेबल गेट पास असायचा. फिटर स्वतःचं हत्यार घेऊन आला की त्याची पासावर नोंद करायची, म्हणजे संध्याकाळी ते घरी नेताना कोणी अडवत नाही. मी पास फाडला आणि लिहिलं: चालण्याचे साधन, १ नग, रंग तांबडा. फक्त टेलिफोन रूमपर्यंत.

"साधनाला शेपूट असतं?" साहेबांनी विचारलं.

"चालवून तर बघा, सर."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे रस्त्यावर. तांबीच्या पट्ट्याची मूठ धरून आहिरे म्हणाला, "चल." तांबी हलेना. "चल!" ती त्याच्या पायांपुढे आडवीच झाली.

"बघा! ऐकतच नाही!" साहेब खूश.

तेवढ्यात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतारावरून सोडलेला एक टेम्पो आमच्या नाकासमोरून गेला. आमच्यापैकी कोणालाच त्याची चाहूल लागली नव्हती.

"सर, ऐकणारे खूप मिळतात," आहिरे म्हणाला. "हिला वेळेला न ऐकायला शिकवलंय."

साहेबांनी रस्त्यावरच उभ्याउभ्या पासावर सही केली. मग रोज मी करू लागले.

काही महिन्यांनी आयएसओचा ऑडिटर आला. गेटचं रजिस्टर चाळता चाळता थांबला. "या साधनाचं कॅलिब्रेशन?" म्हणजे साधन बरोबर चालतंय का, याची तपासणी. शिंदेकाकांनी गंभीरपणे रेबीजच्या इंजेक्शनचं कार्ड पुढे केलं.

"लय बराबर चालतं, साहेब. दर वर्साला टोचून घेतो."

जेवणाच्या सुट्टीत मी हा किस्सा आहिरेला रंगवून सांगितला. तो हसला नाही.

"मॅडम, मागच्या महिन्यात तुम्ही चार दिवस रजेवर होतात. पासावर सही करायला कोणी तयार होईना. दुपारपर्यंत मी गेटबाहेर उभा होतो, मग घरी गेलो. काठी आणायचो तेव्हा कोणाची सही लागत नव्हती."

मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. लाज वाटली. हुशारी माझी आणि उन्हात उभा तो!

त्याच आठवड्यात मी नियम नव्याने लिहिला: अंध कामगाराला वाट दाखवणारा कुत्रा ही त्याची काठी समजावी, पास लागणार नाही. देवधरसाहेबांनी एक शब्दही न बदलता तो मंजूर केला. त्यानंतर तांबी गेटवर न थांबता आत जायची आणि शिंदेकाका तिला सलाम ठोकायचे.

नोकरीभर मी नियमच लिहिले. त्यातून एवढं कळलं, की ज्या सोयीला रोज सही लागते, ती सही करणाऱ्याबरोबर रजेवर जाते.