टिटवीचं वर सरकणारं बिऱ्हाड

गिरणा नदीवर धरणाइतकाच आपलाही हक्क आहे, असं मानणारा माणूस भडगावात एकच आहे आणि तो माझ्या धाकट्या भावाचा सासरा आहे. सगळे त्यांना आबा म्हणतात. शेतीसाठी धरणातून ठरावीक काळ पाणी सोडतात, त्याला सरकार आवर्तन म्हणतं. आबा त्याला हुकूम म्हणतात. एका लग्नात हातात अक्षता घेऊन उभे असताना त्यांनी दोंडाईचाहून आलेल्या पाहुण्याला विचारलं, "उन्हाळ्यात एकदम लोंढा, पावसाळ्यात कोरडी वाळू. माशानं अंडी घालायची कधी?" पाहुणा नवरदेवाचा मामा होता. तो नम्रपणे 'सावधान' म्हणाला.

पाणी बंद झालं की डबक्यांत अडकलेली माशांची पिल्लं आबा बादलीतून डोहात नेऊन सोडतात. तिथले मोठे मासे त्यांना खातात, हे मी एकदा सुचवून पाहिलं. "मोठासलेबी खावाले लागस ना भाऊ," ते शांतपणे म्हणाले.

यंदा एका टिटवीनं पात्राच्या मधोमध वाळूत अंडी घातली आणि लगेच आवर्तन जाहीर झालं. आबा कचेरीत गेले. नदी वाचवण्याचा संदेश देणाऱ्या भल्यामोठ्या फलकाखाली बसून साहेबांनी सांगितलं की पाणी पाखरांना विचारून सोडत नाहीत. आबा म्हणाले, "मंग त्यासले सांगी तरी द्या, पानी कधी येस."

तेव्हापासून ते रोज पहाटे, गाव उठायच्या आत, अंडी, खालच्या खड्यांसकट, हातभर वर काठाकडे सरकवू लागले. एकदम उचलली तर टिटवी अंडी सोडून देते म्हणे. ती डोक्यावर झेपावायची, म्हणून एका हातात उघडी छत्री असायची.

आमच्याकडे टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोरात, असं समजतात. इथं तर घरटंच रोज चढत होतं. गाव हादरलं. लोकांनी पत्रे ठोकून घेतले. ताडपत्री विकणारे चाचा आबांना गाठून विचारू लागले, "आबा, और कितना उपर जायेगी? माल मंगाना है." आबा पुढं चालू लागायचे. आपणच सरकवतो हे सांगितलं असतं, तर बघ्यांनी गर्दी करून अंडी तुडवली असती.

शेवटी पाणी आलं, फेसाळत, काटक्याकुटक्या ढकलत. टिटवी ओरडत उडाली. पाणी घरट्याच्या वीतभर खाली येऊन थबकलं, पण ती काही उतरेना. आबांनी छत्री मिटली होती. मीही, पक्षी माझ्या नात्यातला नसूनही, श्वास रोखून उभा होतो. बऱ्याच वेळानं ती काठावर उतरली, इकडेतिकडे बघत चालत आली आणि अंड्यांवर बसली.

आबा खाली वाळूत बसले. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. पाण्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "मन्हा मांगे इले कोन वर सरकाई?"

मी हात देऊन त्यांना उठवलं, आणि टिटवी बिचकू नये म्हणून आम्ही दोघं लांबच्या वाटेनं घरी आलो.