ड्रॅगनच्या गुहेतलं कच्चं लिंबू

लिफ्टमामांच्या कारकिर्दीत त्यांच्या हाताखालची एकही लिफ्ट कोसळली नव्हती, पण त्यांनी कागदावर रचलेल्या भुयारांत शेकडो शूरवीर धारातीर्थी पडले होते. दिवसा लिफ्टच्या तारांना वंगण लावायचं आणि शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून फाशांच्या खेळात दोस्तांना ड्रॅगनशी लढवायचं, हा त्यांचा उद्योग. भुयाराच्या तोंडाशीही पाटी असायची: ‘क्षमता सहा वीर’. सातवा शिरला की दार लागत नसे. पुढे दोस्त पांगले. कुणी मुलाकडे राहायला गेला, कुणाचे गुडघे गेले, आणि फासे डब्यात पडून राहिले.

अशात नवरा गेल्यावर थोरली ताई त्यांच्याकडे आली. मामा एकटा जीव सदाशिव; ताईमुळे घराला घरपण आलं. पण एके दिवशी तिनं जाहीर केलं, “सोमवारी मी वृद्धाश्रमात जाणार. भावाच्या घरात अडगळ होऊन राहणं मला जमायचं नाही.”

ती जाणार या कल्पनेनंच मामांना घर खायला उठलं. पण हे तिला तोंडानं सांगायचं कसं? ते भलतंच बोलून गेले. “जाण्याआधी शनिवारी एक नवा डाव मांडू या.”

वीर गोळा झाले. खालचा इस्त्रीवाला, समोरची दातांची डॉक्टरीण आणि ताई. मामांनी नियम सांगितले. वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर बेत फत्ते, लहान आला तर आपटलात.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही,” ताई म्हणाली. “मला आपलं कच्चं लिंबू ठेव.”

डाव चालवणाऱ्या सूत्रधारानं इथं ठाम नाही म्हणायचं असतं. मामा म्हणाले, “ठेवलं.” तिथंच डावाचे तीन तेरा वाजले.

कारण कच्चं लिंबू आउट होत नाही. राक्षसांनी बाण मारले, ताईला एक लागला नाही. विषारी विहिरीचं पाणी ती घटाघट प्यायली आणि वर “जरा मचूळ आहे” म्हणाली. ड्रॅगनच्या गुहेत चपला काढून शिरली आणि सोन्याच्या ढिगावर जाऊन बसली. ड्रॅगननं आग ओकली. आग वाया जाऊ नये म्हणून इस्त्रीवाल्यानं त्या धगीवर ढिगातला राजाचा झगा कडक करून घेतला. डॉक्टरीणबाईंनी ड्रॅगनला “आ करा” म्हटलं आणि दाढ किडल्याचं निदान केलं. बिचाऱ्या ड्रॅगनला त्याच्याच गुहेत कुणी भीक घालेना.

दोघं पोट धरधरून हसत होते. ताईनं मात्र खुर्ची मागं सरकवली.

“काय झालं गं?”

“मला काही होतच नाही रे, बाळ. तुम्हाला लागतं, तुम्ही ओरडता, एकमेकांना ओढून काढता. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. मी असले काय नि नसले काय, सारखंच.”

ती डावाबद्दल बोलत नव्हती, हे न कळण्याइतके मामा बावळट नव्हते.

“आजपासून तू कच्चं लिंबू नाहीस,” ते म्हणाले. “डावात धरलं तुला. टाक फासा.”

ताईनं बाह्या सरसावल्या, फाशावर फुंकर मारली आणि टाकला. एक.

मामांनी फासा दोनदा निरखून पाहिला, पण नियम म्हणजे नियम. “ड्रॅगननं ताईला गिळलं.”

“अख्खी?” ताईनं विचारलं.

“अख्खी.”

इस्त्रीवाला खुर्चीवरून ताडकन उठला. “पाय बाहेर दिसतायत का? पाय धरा!” “किडक्या दाढेच्या बाजूनं ओढा!” डॉक्टरीणबाई ओरडल्या. दोघांनी एकामागून एक फासे टाकले, पण ताई काही बाहेर निघेना. शेवटी जेवणाची वेळ झाली, तसे दोघं चपला शोधू लागले.

“पुढच्या शनिवारी काढू तुला,” मामा म्हणाले. “तोवर... थांबशील ना?”

“थांबशील ना काय विचारतोस? मेल्यांनो, मला पोटात टाकून घरी निघालात, मी जाणार कुठे?” ताई कडाडली. “आणि शनिवारी लवकर या. आत फार उकडतंय.”